बसाक येवा

२०२५च्या जून महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वाद एकाच वेळी पेटले होते. एक सगळ्या महाराष्ट्राचा होता: पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. तोवर ग्रुपवर दिवसाला शंभर-शंभर मेसेज पडत होते. दुसरा वाद फक्त आमच्या वाडीचा. गणपतीत देवळासमोरच्या मंडपात डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनी सामना, ठेवायची की ऑर्केस्ट्रा? वर्गणीत दोन्ही बसत नव्हतं. डबलबारीच्या बाजूने पाच जण बोलले, पाचही साठीच्या पुढचे. बाकीच्यांचं म्हणणं एकच, की पोरं भजनाला बसत नाहीत आणि ऑर्केस्ट्राला गर्दी होते. ऑर्केस्ट्रात काय वाजतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पंधरातली बारा गाणी हिंदी.

पहिल्या वादात मराठीसाठी सगळ्यात तळमळीने लिहिणारा माझा चुलतभाऊ दुसऱ्या वादात ऑर्केस्ट्राकडे होता. त्याची तळमळ खरी आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखते. पण हे दोन्ही वाद एकच आहेत असं त्याला वाटत नव्हतं, आणि मला तर ते एकच दिसत होते. ते तसे का दिसतात हे सांगायचं तर मी राहते त्या बेटाबद्दल सांगावं लागेल.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. वर ल्युइस आणि हॅरिस, मध्ये नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला, साउथ यूइस्ट, खाली एरिस्के आणि बॅरा. सगळी मिळून २६ हजार माणसं, म्हणजे साधारण आपली सावंतवाडी. त्यातल्या साउथ यूइस्टवर मी २०१६पासून राहते. फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे दवाखान्यात असते तेवढीच लोकांच्या घरी जाते. बेटावर सतराशेच्या आत वस्ती. पश्चिमेला मैलोगणती पांढरी वाळू, पूर्वेला डोंगर, मधून उत्तर-दक्षिण एकच रस्ता. समोरून गाडी आली की कुणीतरी बाजूला थांबायचं आणि जाताना बोट उचलून एकमेकांना सलाम करायचा. मुख्य भूमीला जायला साडेतीन तासांची बोट, आणि हिवाळ्यात वारा सुटला की ती बोटही नाही. थिएटर नाही, मॉल नाही. सिनेमाचं म्हणाल तर स्कॉटलंडच्या डोंगरी भागांत आणि बेटांवर १९९८पासून एक मोठा ट्रक फिरत आलाय. तो गावात येऊन थांबला की त्याच्या बाजू बाहेर सरकतात आणि छोटं थिएटर तयार होतं. बॅराला, हॅरिसला तो येतो तेव्हा लोक जत्रेला जावं तसे जातात. मला पहिल्यांदा तो फोटोत दिसला तेव्हा वडील सांगायचे तो जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवला.

इथली मूळची भाषा गॅलिक. इंग्रजीशी तिचं जवळचं नातं नाही, आयरिशची ती बहीण आहे. या भाषेतला एक शब्द जगभर गेलाय, 'केइली'. एडिंबरोत किंवा लंडनमध्ये केइली म्हणजे अकॉर्डियन-फिडलच्या तालावरचा सामूहिक नाच. मलाही तेवढंच माहीत होतं. पहिल्या हिवाळ्यात, संध्याकाळी चारला काळोख झाला होता, आणि शेजारची सत्तरीची बाई दार न वाजवता सरळ स्वयंपाकघरात आली. खुर्ची ओढून बसली. मला वाटलं काहीतरी हवं असेल, दुखत असेल. चहा झाला, पावसाचं झालं, माझ्या आईचं झालं, तिच्या मेलेल्या कुत्र्याचं झालं. दीड तासाने न राहवून मी विचारलं, काही काम होतं का? ती म्हणाली, काम कसलं, मी केइलीला आले.

मग तिनेच सांगितलं, की केइली म्हणजे भेट. नाच वगैरे नंतरचं. शेजाऱ्याकडे जाऊन बसायचं, त्याला केइली म्हणायचं. मी तिला म्हटलं, आमच्याकडे अगदी हाच शब्द आहे. आई घरी नसली आणि कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, 'शेजारी बसाक गेली हा'. काम नाही, कारण नाही, बसायला गेलीय. आणि निरोप घेताना म्हणायचं, 'बसाक येवा'. त्या बाईला ते इतकं आवडलं, की तिने 'बसाक' हा शब्द पाठ केला. आजही येते तेव्हा दारातूनच ओरडते.

पूर्वी प्रत्येक वस्तीत एखाद-दुसरं घर केइलीचं घर म्हणून ठरलेलं असायचं. हिवाळ्याच्या रात्री सगळे तिथे जमायचे. शेकोटीत पीटचे, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचे, तुकडे जळतायत, कुणी दोर वळतोय, कुणी जाळं दुरुस्त करतोय, बाया विणतायत, आणि एक माणूस गोष्ट सांगतोय. इथे असे कथेकरी होते की एकेक गोष्ट त्यांना तास-तासभर पुरायची. कॅलम मॅक्लीन नावाच्या संग्राहकाने विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यापुढे बसून त्या गोष्टी टिपून घेतल्या. १९६०मध्ये तो गेला आणि त्याला इथेच, साउथ यूइस्टच्या मातीत पुरलं. त्याच्याही आधी, १९२९मध्ये, मार्गारेट फे शॉ नावाची अमेरिकन संगीत-अभ्यासक इथल्या एका दरीत दोन बहिणींच्या घरी राहायला आली. सहा वर्षं राहिली, त्यांच्याबरोबर गाई राखल्या, पीट उकरलं आणि त्यांची गाणी लिहून घेतली. हे वाचताना मला पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांची आठवण येते. त्यांनीही गावोगावी बायांमध्ये बसून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेलाय.

ओव्यांवरून एक प्रसंग सांगते. इथे हातमागावर लोकरीचं जाड कापड विणतात. मागावरून उतरवल्यावर ते आटवून घट्ट करावं लागतं. पूर्वी त्यासाठी दहा-बारा बाया एका लांब फळीभोवती बसायच्या, शिळ्या मुतात भिजवलेलं ते कापड फळीवर आपटायच्या आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत जायच्या. एकीने ओळ गायची, बाकीच्यांनी पालुपद धरायचं. पालुपदाला बहुतेक अर्थ नसतो, नुसते ताल धरणारे नाद. ही गाणी इथल्या बायांचा ठेवा आहे: बुडालेला भाऊ, न आलेला प्रियकर, सासरचा छळ, कुणाची तरी खोडी. आता कापड यंत्रावर आटवतात, पण गाणी राहावीत म्हणून अधूनमधून हॉलमध्ये फळी मांडतात. मी बसले. कापड साध्या पाण्यात भिजवलं होतं. पहिल्या दोन गाण्यांत मजा वाटली, चौथ्या गाण्याला माझे खांदे भरून आले. शेजारच्या म्हातारीचा हात मात्र तालात पडत होता, ती माझ्याकडे न बघता गात होती, आणि तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत ते गाणं मला दिसत होतं.

माझ्या आजीचं जातं पडवीच्या कोपऱ्यात होतं. मी शाळेत जायला लागेपर्यंत गावात गिरणी आली होती, तरी कुळीथ आणि नाचणी ती घरीच दळायची. तिचे दोन्ही खांदे आयुष्याच्या शेवटी वर जात नव्हते. त्या वेळी मला त्याचं नाव माहीत नव्हतं, आज रोज माझ्या हाताखाली असे खांदे येतात. म्हणून कुणी मला 'जातं परत आणा' म्हणालं तर मी तयार नाही. गिरणी आली हे फार चांगलं झालं. पण जात्याबरोबर ओवी गेली, कारण ओवीला बसायची दुसरी जागा आपण केली नाही. इथेही गाणं कामाला बांधलेलं होतं. काम यंत्राकडे गेलं तेव्हा गाणंही जाणार होतं. फरक एवढाच की इथल्या लोकांना ते वेळेत, म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी, कळलं आणि त्यांनी एकत्र बसायला नवं निमित्त शोधलं. त्यात त्यांचे कष्ट आहेत, पैसे आहेत, आणि बरीच भांडणंही आहेत.

ते निमित्त म्हणजे हॉल. इथल्या प्रत्येक टापूत एक साधा, पत्र्याच्या छपराचा हॉल असतो. आठवड्यात एक दिवस पत्त्यांचा डाव, एक दिवस मुलांची वाद्यं, एखाद्या शनिवारी नाच. नाचाला सहा वर्षांची पोरगी आणि ऐंशी वर्षांचा आजोबा एकाच रांगेत उभे राहतात, कारण नाच सगळ्यांना एकच येतो. दोन रांगा समोरासमोर, वरची जोडी गिरक्या घेत खाली येते, प्रत्येकाचा हात धरून सोडत जाते. तीन तासांत हॉलमधल्या बहुतेक माणसांचा हात तुमच्या हातातून जातो. मध्ये नाच थांबतो, चहा, सँडविच आणि घरून केलेले केक येतात, सोडतीची तिकिटं फिरतात. कुणीतरी उठून गातं, साथीशिवाय, डोळे मिटून, आणि हॉल गप्प होतो. लहान मुलं भिंतीलगत जॅकेटांच्या ढिगावर झोपून जातात. सूत्रसंचालन करणाऱ्याला इथे 'घरचा माणूस' म्हणतात, कारण मूळ केइलीत तो खरोखर त्या घरचा यजमान असायचा. पहिली गोष्ट सांगायची त्याने, मग पाहुण्यांनी रात्र पुरी करायची.

वर्षाच्या शेवटच्या रात्री मुलगे घरोघरी फिरतात. दारात उभं राहून एक लांब कवन म्हणतात, मग दार उघडायचं. आत आल्यावर मेंढीच्या कातड्याची जळती पट्टी घरातल्या प्रत्येकाच्या नाकाशी धरतात. ती उजवीकडून फिरवायची, प्रदक्षिणेसारखी. मग त्यांच्या झोळीत खाऊ टाकायचा. पहिल्या वर्षी हे बघताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'शबय, शबय'. शिमग्यात रोंबाट निघालं की आम्ही पोरं दारोदार हेच मागत फिरायचो.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती सांगते. कामावर रुजू झाल्यानंतर काही महिन्यांनी मी एका घरी गेले. स्वयंपाकघरात तिघं म्हातारे गॅलिकमध्ये बोलत होते, हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मी आत पाऊल टाकलं आणि त्याच वाक्याच्या मध्यावर तिघेही इंग्रजीत आले. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मी अर्धा तास होते, अर्धा तास इंग्रजी. बाहेर पडून गाडीत बसले तर मागे पुन्हा गॅलिक सुरू झालेली. माझ्यासाठी, मला परकं वाटू नये म्हणून, ते आपल्याच घरात आपली भाषा बाजूला ठेवत होते. असं प्रत्येक वेळी, प्रत्येक घरात, गेली पन्नास-साठ वर्षं चाललंय. बेटावर गॅलिक न कळणारा एक माणूस खोलीत असला की दहा जण भाषा बदलतात. ते सौजन्य आहे, आणि त्या सौजन्यानेच ही भाषा स्वयंपाकघरातून हद्दपार होत आलीय.

हे वाचणाऱ्या मराठी माणसाला मी वेगळं सांगायला नको. दादरला भाजी घेताना, रिक्षात बसताना, ऑफिसच्या कँटीनमध्ये आपण पाच मराठी असताना सहावा आला की काय होतं ते आपण रोज करतो.

त्या दिवसानंतर मी लोकांना सांगायला लागले, माझ्यासाठी बदलू नका, मला ऐकू द्या. पहिलं वर्षभर काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी थट्टा कळायला लागली. आता पेशंटच्या खांद्याला हात लावताना 'इथे दुखतं का' एवढं मी गॅलिकमध्ये विचारते, आणि उत्तर लांबलचक येतं. दुखणं माणूस आपल्या भाषेत जास्त नेमकं सांगतो. हा माझ्या धंद्यातला अनुभव आहे.

आता कायद्याकडे येते, कारण घरचा वाद मुख्यतः कायद्याचा आणि दर्जाचा आहे. १८७२च्या शिक्षण कायद्यात गॅलिकला शाळेत जागाच नव्हती. त्यानंतर कित्येक पिढ्यांनी गॅलिक बोलल्याबद्दल शाळेत मार खाल्ला. १३० वर्षांनी चक्र फिरलं. २००५मध्ये गॅलिकसाठी कायदा आला, २००८मध्ये स्वतंत्र टीव्ही चॅनल आला, २०२०मध्ये बेटांच्या कौन्सिलने ठरवलं की नव्याने पहिलीत येणारं मूल, पालकांनी नको म्हटलं नाही तर, गॅलिक माध्यमातच जाईल. २०२५मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गॅलिकला अधिकृत दर्जा देणारा कायदा केला. रस्त्यावरच्या पाट्यांवर गॅलिक आहे. एका लोकप्रिय मोबाइल ॲपवर ही भाषा शिकायला सुरुवात करणारे जगात दहा लाखांच्या वर गेलेत. मराठीसाठी आपण जे मागतो त्यातलं बरंचसं इथे झालेलं आहे.

आणि तरी जनगणना पाहा. स्कॉटलंडभरातले गॅलिक बोलणारे २०११मध्ये ५७ हजार होते, २०२२मध्ये ६९ हजार झाले. पण जिथे ही भाषा घरची आहे त्या आमच्या बेटांवर, २०११मध्ये निम्म्याहून थोडे जास्त लोक ती बोलत होते, २०२२मध्ये ते प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं. शहरांत शिकणारे वाढले, बेटांवर बोलणारे घटले. २०२०मध्ये हायलँड्स अँड आयलँड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बजावलं होतं, की असंच चालू राहिलं तर दहाएक वर्षांत बेटांवरही रोजच्या बोलण्यातून गॅलिक जाईल. त्यावर इथे मोठी खळबळ झाली, सभा झाल्या, कुणाला तो निष्कर्ष पटला, कुणाला अजिबात नाही.

माझी मुलगी २०२१मध्ये गॅलिक माध्यमाच्या वर्गात गेली. अंकगणित गॅलिकमध्ये, परिसर गॅलिकमध्ये, तिची बाई अतिशय मनापासून शिकवते. एकदा लवकर आणायला गेले तर मधली सुट्टी चालू होती. पकडापकडीचा खेळ रंगात आला होता. 'तू आउट', 'मी नाही खेळणार', 'तो खोटं बोलतोय', सगळं इंग्रजीत. घंटा झाली, रांग लागली, आणि रांगेतली पोरं बाईंशी सफाईने गॅलिक बोलू लागली. मी कुंपणापाशी उभी राहून विचार केला, वर्ग गॅलिकचा आहे, मैदान इंग्रजीचं आहे, आणि या मुलांचं बालपण मैदानावर चाललंय.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी इथे एकटीने पुरणपोळी केली होती आणि मला खरंच आनंद झाला होता. पहिलीच्या मुलांवर तिसरी भाषा लादू नये, हेही मला पूर्ण पटतं. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, गॅलिकशी आपली तुलनाच नाही, हेही खरं. तरी मला भीती वाटते ती आकड्याची नाही. दर्जा, पाट्या, शासन निर्णय ही सगळी दिवसा दहा ते पाचची भाषा आहे. पाचनंतर माणूस जिथे हसतो, गातो, नाचतो, भांडतो, तिथली भाषा पोरं उचलतात. ती संध्याकाळ आपण ऑर्केस्ट्राला देऊन टाकतोय.

डबलबारी माहीत नसेल त्यांच्यासाठी: दोन भजनी बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. पखवाज, पेटी, झांज. एकाने रूपाचा अभंग लावायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, आणि रात्र चढत जाते तशी कोटी, टोमणा, पुराणातला प्रश्न, हजरजबाबी गजर. ऐकणारा बुवाइतकाच तयार लागतो, कारण कोपरखळी कुणाला बसली ते समजलं पाहिजे. दहीकाल्याला दशावतार बघताना आम्ही रात्रभर जागायचो. लिहिलेली संहिता नाही, नट उभ्या उभ्या भाषण करतोय, आणि समोर बसलेल्या आठ वर्षांच्या पोराला 'नाथा', 'प्रिये', 'दुष्टा' असं भारदस्त मराठी कानावर पडतंय, मध्येच मालवणीतला विनोद आला की तेच पोर लोळून हसतंय. मला मराठीचे दोन्ही जिने, वरचा आणि खालचा, त्या रात्रींनी चढायला शिकवले. शाळेने त्यावर व्याकरण घातलं.

बॅरा बेटावर १९८१मध्ये असंच झालं होतं. एक धर्मगुरू आणि काही पालक यांच्या लक्षात आलं, की मुलांना आपली गाणी येत नाहीत, वाद्यं येत नाहीत. त्यांनी सभा घेऊन निषेध केला नाही. उन्हाळ्यात मुलांना जमवलं आणि गावातल्याच माणसांकडून फिडल, बॅगपाइप, गाणं, नाच शिकवला. त्याला 'फेश' म्हणतात, म्हणजे उत्सव. आज स्कॉटलंडभर अशा चाळीसवर फेश चालतात आणि त्यांतून तयार झालेली मुलं आता स्वतः शिकवतायत. मुलगी गेल्या उन्हाळ्यात गेली होती. घरी आली ती गॅलिक गाणं गुणगुणतच, भांडी घासताना, आंघोळ करताना. वर्गात चार वर्षं जे झालं नव्हतं ते फेशमध्ये झालं: ती कुणी न सांगता गॅलिकमध्ये काहीतरी करत होती.

मध्येच ल्युइसचं सांगते. आमची दक्षिणेकडची बेटं कॅथलिक, नाचगाण्याला मोकळी. ल्युइस कडक प्रॉटेस्टंट. तिथे रविवारची पहिली बोट सुटली ती २००९मध्ये, आणि त्यावरूनही मोठा विरोध झाला. मोठं सुपरमार्केट रविवारी उघडं राहू लागलं ते २०२४च्या नोव्हेंबरात. एकोणिसाव्या शतकात धर्मोपदेशकांनी तिथे फिडल आणि नाच पाप ठरवले होते. मी तिथल्या एका चर्चमध्ये गॅलिक स्तोत्रं ऐकायला गेले. वाद्य नाही. पुढे उभा एक माणूस एक ओळ लावतो, आणि सगळी सभा ती ओळ उचलते, पण प्रत्येक जण आपापल्या हरकतीने, आपापल्या वेगाने, लाट फुटावी तशी. माझ्या अंगावर काटा आला. बुवाने ओळ दिली आणि माळकऱ्यांनी उचलली, हेच ते. ज्या चर्चने फिडल बंद पाडली त्याच चर्चने भाषा मात्र धरून ठेवली, कारण माणसं तिथे दर आठवड्याला एकत्र बसत होती. नाच असो की प्रार्थना, बसणं महत्त्वाचं ठरलं.

हे सगळं मी चुलतभावाला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ''तुका थयसून बोलूक सोप्पा आसा. गावात रवता कोण? बसाक माणसा व्हयी ना?''

त्याचं खरं आहे, आणि इथेही तेच खरं आहे. बेटावरची मुलं शिकायला ग्लासगोला जातात आणि बरीचशी परत येत नाहीत. आमची वाडीही मुंबईच्या चाकरमान्यांवर चालते, गणपती आणि मे महिना सोडला तर निम्म्या घरांना कुलूप. घर, काम आणि बोट असल्याशिवाय संध्याकाळी हॉलमध्ये कुणी असणार नाही. म्हणूनच इथल्या लोकांनी २००६मध्ये जमीनदाराकडून साउथ यूइस्ट आणि शेजारची बेटं मिळून ९३ हजार एकर जमीन गावाच्या नावावर विकत घेतली. आज तिच्यावर गावाच्या मालकीच्या तीन पवनचक्क्या फिरतात. तेवढं आमच्या वाडीला झेपणार नाही. पण मे महिन्यात चाकरमान्यांची चाळीस-पन्नास मुलं गावात असतात. दुपारभर ती माजघरात मोबाइलवर असतात, आणि मोबाइलवर मराठी नसतं. बॅरातही सुरुवात उन्हाळ्याच्या सुट्टीनेच झाली होती.

ऑर्केस्ट्रा व्हायचा तो झाला. मी पुढच्या वर्षाची वर्गणी आत्ताच पाठवली आणि ग्रुपवर लिहिलं, की यातली निम्मी रक्कम मे महिन्यात मुलांना पेटी, पखवाज आणि गजर शिकवायला वापरा, आठ दिवस, देवळाच्या सभामंडपात, आणि तिथे बोलायचं ते मालवणीत. दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या बुवांचा नातवाच्या फोनवरून आवाजी मेसेज आला, अकरा सेकंदांचा. मागे कोंबडा ओरडत होता.

''पोरांका धाडा. पेटी माझी आसा. पखवाज कोणाचो तरी बघूया.''